प्रबंधातून पुस्तक, व्हाया पानमुनजॉम

आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएच.डी. करायची तर पहिलं वर्ष विषय लहान करण्यातच जातं. जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये मी 'नेहरूकालीन अलिप्ततावाद' असा भलाथोरला विषय घेऊन दाखल झाले होते. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "यात प्रश्न कुठला आहे?" एवढ्या मोठ्या विषयात प्रश्न असणारच की, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या, "एखादी घटना शोध, जिच्यात भारताला खरोखर काहीतरी करून दाखवावं लागलं. भाषणं खूप झाली आहेत. काम शोध."

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे जनरल एस. पी. पी. थोरात हे नाव १९६२ मुळे माहीत असतं. वडगावचा माणूस. पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी नेफाच्या (आजच्या अरुणाचलच्या) बचावाची योजना आखली, १९६० साली लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन चीन कुठून येईल आणि आपण कुठे कमी पडू ते मांडलं, आणि वरच्यांनी ते मनावर घेतलं नाही. माझे मामा हे सगळं आरतीसारखं एका दमात म्हणायचे. तेव्हा १९६२ साठी म्हणूनच मी थोरातांचं इंग्रजी आत्मचरित्र ग्रंथालयातून काढलं आणि मधल्या कोरियाच्या प्रकरणांवर अडकले. आपले काही हजार जवान १९५३ साली कोरियात कैदी सांभाळत होते, हे मला एम.ए. होईपर्यंत कोणीही सांगितलं नव्हतं. अभ्यासक्रमात कोरियन युद्ध होतं, अलिप्ततावाद होता, दोन्हींवर प्रश्नही यायचे. पण या दोन्हींना जोडणारी माणसं कुठेच नव्हती.

थोडक्यात हकिकत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोरियातलं युद्ध थांबवायची बोलणी कैद्यांच्या प्रश्नावर अडली होती. संयुक्त राष्ट्रांच्या फौजांकडे असलेल्या चिनी आणि उत्तर कोरियाई कैद्यांपैकी हजारो जण परत जायला तयार नव्हते. त्यांना जबरदस्तीने पाठवायचं नाही, असं अमेरिका म्हणत होती. सगळे परत आलेच पाहिजेत, असं चीन म्हणत होता. १९५२ च्या अखेरीस कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रांत तोडग्याचा ठराव मांडला. तो मंजूर झाला, पण मॉस्को आणि पेकिंगने तेव्हा धुडकावून लावला. मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारला, वारं फिरलं आणि जूनमध्ये साधारण त्याच धर्तीवर करार झाला. परत न जाऊ इच्छिणारे कैदी एका तटस्थ आयोगाच्या ताब्यात द्यायचे. आयोगावर स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत. अध्यक्षपद भारताकडे, आणि प्रत्यक्ष पहाऱ्याला फौज फक्त भारताची. अध्यक्ष झाले जनरल थिमय्या, आणि कस्टोडियन फोर्स इंडिया या फौजेचे प्रमुख थोरात. हे दोघे १९४५ साली ब्रह्मदेशात कांगॉच्या लढाईत एकाच ब्रिगेडमध्ये शेजारशेजारच्या पलटणींचे कमांडर होते. त्यामुळे एकमेकांना पुरते ओळखून होते.

दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू द्यायला साफ नकार दिला. करार मोडावा म्हणून त्यांनी जूनमध्येच पंचवीस हजारांहून अधिक उत्तर कोरियाई कैदी परस्पर सोडून दिले होते. मग आपले जवान इंचॉनच्या बंदरात जहाजावरून हेलिकॉप्टरने उचलले गेले आणि थेट दोन कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात, पानमुनजॉमजवळ, उतरवले गेले. तिथल्या छावणीचं नाव त्यांनी ठेवलं हिंद नगर. त्यांच्या ताब्यात आले दक्षिणेकडून २२,६०४ कैदी, त्यांत १४,७०४ चिनी आणि ७,९०० कोरियाई. उत्तरेकडून आले ३५९, त्यांत २३ अमेरिकन आणि एक ब्रिटिश.

या आकड्यांमागे काय होतं, हे मला वर्षभर कळत गेलं. दक्षिणेकडच्या कुंपणांच्या आत कैद्यांचेच म्होरके राज्य करत होते. कितीतरी चिनी कैद्यांच्या अंगावर साम्यवादविरोधी घोषणा गोंदलेल्या होत्या. कुणाला परत जायची इच्छा झालीच तर ती बोलून दाखवणं जिवावर बेतू शकत होतं, आणि छावण्यांत खूनही झाले. अशा ठिकाणी "तुम्ही स्वेच्छेने ठरवा" असं म्हणून तटस्थ पंचाने उभं राहायचं. कराराप्रमाणे दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी नव्वद दिवस कैद्यांना समजावून सांगायचं होतं. ते काम सुरूच व्हायला ऑक्टोबरचा मध्य उजाडला. २३ डिसेंबरला मुदत संपली तोवर तीन हजारांच्या थोडे पुढे एवढ्याच कैद्यांपर्यंत ते पोचलं होतं. कैद्यांवर बळ वापरून त्यांना समजावणीच्या मंडपात आणायचं का, यावर पोलंड-चेकोस्लोव्हाकिया एका बाजूला आणि स्वीडन-स्वित्झर्लंड दुसऱ्या बाजूला. पाचवं मत भारताचं. मॅडमना हवं होतं ते "काम" हेच होतं.

आराखडा सादर करताना समितीतल्या एका सरांनी विचारलं, "यात थिअरी काय?" आमच्या विषयाला हा जुनाच गंड आहे. १९१९ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथला आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन निघालं, तेव्हापासून इतिहासवाले आम्हाला उथळ म्हणतात आणि अर्थशास्त्रवाले ढिसाळ. त्यावर उतारा म्हणून आम्ही थिअरीचं एक जाडजूड प्रकरण लिहितो. मीही लिहिलं. वास्तववाद, उदारमतवाद, रचनावाद, सगळ्यांची हजेरी घेतली. ते प्रकरण प्रबंधात दुसरं होतं. पुस्तकात ते नाही, त्याबद्दल पुढे.

मग कागद. बाहेरच्यांना वाटतं, परराष्ट्र धोरणाचा अभ्यासक म्हणजे राजदूतांसोबत चहा पिणारा माणूस. प्रत्यक्षात आमची उमेदीची वर्षं वाचनकक्षात चिठ्ठ्या भरण्यात जातात. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याप्रमाणे पंचवीस वर्षं झालेले कागद साधारणपणे खुले व्हायला हवेत. कायद्यातलं "साधारणपणे" कसं असतं ते मी दिल्लीतल्या एका अभिलेखागारात शिकले. सूचीत फाइलचं नाव दिसायचं, मी क्रमांक टिपून चिठ्ठी टाकायचे, आणि दुपारी चिठ्ठी परत यायची. वर दोन अक्षरं: एन.टी. म्हणजे नॉट ट्रान्सफर्ड. फाइल आहे, पण खात्याने इकडे पाठवलेली नाही. माझ्या पिढीच्या प्रत्येक संशोधकाकडे एन.टी.च्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आहे. कॅन्टीनमध्ये आम्ही एकमेकांना "आज किती एन.टी.?" असं विचारायचो.

काउंटरवर एक वयस्क कर्मचारी होते. त्यांना मी रोज नमस्कार करायचे. कधीतरी त्यांनी हळूच सांगितलं, "बेटा, कोरिया मत ढूँढो. जिस डेस्क ने काम किया, उसका नाम ढूँढो." अभिलेखागारातलं माझं खरं शिक्षण इथून सुरू झालं. फाइली विषयाने लावलेल्या नसतात. ज्या टेबलावर काम झालं त्या टेबलाच्या नावाने त्या जगतात. पूर्व आशियाच्या डेस्कवर जे नव्हतं ते संयुक्त राष्ट्रांच्या डेस्कवर मिळालं, आणि जे तिथेही नव्हतं ते भत्त्यांच्या फाइलींत. जवानांना थंडीचे कपडे कुणी द्यायचे, खर्च कुणाच्या माथी मारायचा, रेशन कुठून आणायचं, अशा रूक्ष पत्रव्यवहारात राजकारण जेवढं उघडं पडतं तेवढं ते पंतप्रधानांच्या भाषणात पडत नाही. ही माझी पक्की समजूत आहे आणि ती अजून बदललेली नाही.

तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात खासगी कागदपत्रं असतात. आता त्या संस्थेचं नाव बदललं आहे, पण संशोधकांच्या तोंडी ते अजून तीन मूर्तीच. नेहरूंच्या निवडक लेखनाचे १९५३ चे खंड छापील होतेच. पुढे तेही इंटरनेटवर आले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांचे कोरियाबद्दलचे खंड घरबसल्या वाचता येतात. इथे एक गोम आहे. अमेरिकन कागद इतके सहज मिळतात की भारतावर लिहिणाराही नकळत वॉशिंग्टनच्या खिडकीतून भारताकडे बघायला लागतो. माझ्या पहिल्या मसुद्यावर मॅडमनी समासात एवढंच लिहिलं होतं: "भारतीय कुठे बोलतात?"

लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश नॅशनल आर्काइव्ह्जला जायला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरात पेढे वाटले गेले. मामांनी फोनवर विचारलं, "म्हंजे आता फॉरिन सर्व्हिसमदी लागलीस का?" मी म्हटलं, "नाही मामा, जुने कागद बघायला चाललेय." ते म्हणाले, "त्येला लंडनला जायाला लागतंय व्हय? तलाठ्याकडं बघ की." थट्टा बाजूला ठेवली तरी त्यांचा प्रश्न रास्त होता. भारताने काय केलं हे शोधायला लंडनला का जावं लागतं? कारण दिल्लीतल्या ब्रिटिश उच्चायुक्तालयाचा माणूस साउथ ब्लॉकमधल्या आपल्या परराष्ट्र खात्याच्या अधिकाऱ्याशी बोलला की परतून त्याचं टिपण लिहायचा, आणि ते टिपण आज क्यूमध्ये खुलं आहे. अधिकाऱ्याने स्वतः लिहिलेलं टिपण असेल, तर ते बहुधा एन.टी.

क्यूचा शिस्तबद्धपणा अंगावर येतो. वाचकाचं ओळखपत्र काढायला दोन पुरावे लागतात. आत शाईचं पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. सामान पारदर्शक पिशवीत. बांधीव फाइल उघडायला फोमचे तुकडे, पान दाबायला वजनं. पण एकदा बसलात की स्वतःच्या कॅमेऱ्याने हवे तेवढे फोटो फुकट. मी एफओ ३७१ या ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या मालिकेतल्या कोरियाच्या फाइली सकाळपासून संध्याकाळपर्यंत फोटो काढत उलटत होते, आणि वाचत जवळजवळ काहीच नव्हते. सगळे हेच करतात. वाचन पुढे वर्षभर, हॉस्टेलच्या खोलीत, वाकडे आलेले फोटो सरळ करत.

ब्रिटिश कागदांत थिमय्यांबद्दल कौतुक आणि भारताबद्दल संशय अशी मजेशीर भेसळ आहे. माणूस सँडहर्स्टचा, म्हणजे त्यांच्याच लष्करी अकादमीचा, म्हणून आपला. त्याचा देश मात्र नेहरूंचा. थोरातही सँडहर्स्टचेच. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी मेजर ग्रेवाल यांना कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. थोरात स्वतः आत गेले आणि बोलणी करून त्यांना सोडवून आणलं. गोळी चालवली असती तर तटस्थता तिथेच संपली असती. या कामगिरीसाठी त्यांना अशोक चक्र, वर्ग दोन मिळालं. आत्मचरित्रात हा प्रसंग चांगला रंगला आहे. सरकारी कागदांत असे प्रसंग नेहमी आक्रसून येतात. एखादी तार, पुढे कार्यवाहीचा शेरा, संपलं. प्रबंध लिहिताना मी आक्रसलेलं रूप घेतलं, कारण प्रबंधात रंग दिसला की परीक्षकांना शंका येते.

आणखी एक गोष्ट याच काळात हाताला लागली आणि तिने माझी झोप उडवली. कोरियाचा ठराव लिहिणारे मेनन. आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. फौजेचे प्रमुख थोरात. आणि थिमय्यांचे चीफ ऑफ स्टाफ होते बी. एम. कौल. आता १९५९ ते १९६२ ची दिल्ली आठवा. संरक्षणमंत्री मेनन. लष्करप्रमुख थिमय्या, ज्यांनी १९५९ मध्ये मेनन यांच्याशी वाजल्यावर राजीनामा दिला आणि मागे घेतला. पूर्व विभागाला थोरात, जे १९६१ मध्ये निवृत्त झाले. आणि १९६२ च्या ऑक्टोबरात नेफात चौथ्या कोअरची सूत्रं कौल यांच्याकडे. तीच चार नावं! मला वाटलं, सापडलं पुस्तक. १९६२ चं बीज १९५३ च्या हिंद नगरात. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "छान आहे. कागद आहे का?" तेव्हा कुणाचं कुणाशी बिनसलं आणि ते पुढे कुठवर गेलं, हे दाखवणारा एकही सलग पुरावा माझ्याकडे नव्हता. नावं जुळणं म्हणजे कारण सापडणं नव्हे. आज ती चार नावं माझ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एका परिच्छेदात आहेत, कारणाचा दावा न करता. व्याख्यानाला गेलं की लोक नेमकं तेच विचारतात.

प्रबंध जमा झाला, बाह्य परीक्षकांचे अहवाल आले, तोंडी परीक्षा झाली. तिच्यात सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या तोंडी परीक्षेत नसतंच.

त्यानंतरचा काळ मात्र कुणी आधी सांगत नाही. नेट होती, डॉक्टरेट होती, नोकरी नव्हती. महाराष्ट्रात परतले आणि एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागले. सीएचबी. तासाला पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल निघायला विद्यापीठ-शासन-संस्था असा तिहेरी प्रवास. राज्यशास्त्राच्या टी.वाय.च्या वर्गात 'संयुक्त राष्ट्रांची उद्दिष्टे' शिकवायचे आणि संध्याकाळी प्रबंधाचं पुस्तक करायला बसायचे. सोबतचे म्हणाले, पुस्तक कशाला, शोधनिबंध छाप. निवड समितीपुढे गुण त्याचे मोजतात. हिशेब बरोबर होता. मी दोन निबंध छापलेही. पण निबंधात एक युक्तिवाद बसतो, माणसं बसत नाहीत.

प्रबंध मोजक्या परीक्षकांसाठी असतो आणि त्यांना तो वाचणं भाग असतं. पुस्तकाच्या वाचकाला ते भाग नसतं. एवढं लक्षात आल्यावर मी थिअरीचं प्रकरण अख्खं काढलं. त्यातलं कामाचं जेवढं होतं ते दीड पान झालं आणि प्रस्तावनेत गेलं. आधीच्या अभ्यासकांचा आढावा तळटीपांत गेला. मग एका विद्यापीठीय प्रकाशनाला प्रस्ताव पाठवला. प्रस्ताव म्हणजे विषय काय, वाचक कोण, याच विषयावरची इतर पुस्तकं कोणती आणि तुमचं वेगळं कसं, प्रकरणांचे गोषवारे, नमुन्याची दोन प्रकरणं. "वाचक कोण" या रकान्यात सगळे 'विद्यार्थी, संशोधक, धोरणकर्ते आणि जिज्ञासू वाचक' असं लिहितात. धोरणकर्ते यातलं काही वाचत नाहीत, हे संपादकालाही माहीत असतं.

पहिल्या प्रकाशनाकडून बराच काळ काही आलं नाही आणि मग दोन ओळींचा नकार आला. दुसऱ्याने हस्तलिखित दोन अनामिक तज्ज्ञांकडे पाठवलं. एकाचा अहवाल प्रेमळ आणि निरुपयोगी होता. दुसऱ्याचा दहाबारा पानी, तिखट, आणि त्यातल्या एका मुद्द्याने पुस्तक बदललं. त्याचं म्हणणं असं होतं: लेखिका भारतीय, ब्रिटिश आणि अमेरिकन कागद पिळून काढते, पण ज्यांच्यावरून हे सगळं चाललं त्या बावीस हजार कैद्यांपैकी एकही जण पुस्तकात वाक्य बोलत नाही.

मला चिनी येत नाही, कोरियाई येत नाही. चीनच्या परराष्ट्र खात्याचं अभिलेखागार २००४ पासून काही काळ बऱ्यापैकी खुलं होतं. माझी वेळ येईपर्यंत त्याची दारं पुन्हा आवळली गेली होती. वॉशिंग्टनच्या विल्सन सेंटरच्या डिजिटल संग्रहातले अनुवाद उपयोगी पडले. पण खरी वाट जवळच निघाली. ना कम्युनिस्ट चीन, ना तैवान, ना उत्तर कोरिया, ना दक्षिण, असं म्हणणारे ऐंशीहून अधिक कैदी १९५४ च्या सुरुवातीला आपल्या परतणाऱ्या फौजेबरोबर जहाजाने भारतात आले होते. मद्रासला उतरले, दिल्लीच्या छावणीत राहिले. कुठला देश आपल्याला घेतो याची वाट बघत राहिले. पुढे बरेच जण ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, थोडे इथेच राहिले. इथे असताना त्यांना अर्ज करावे लागले होते. कामासाठी, प्रवासाच्या कागदांसाठी, भत्त्यासाठी. म्हणजे पुन्हा भत्त्यांच्या फाइली! अनुवादकाच्या मोडक्या इंग्रजीतून का होईना, कैदी तिथे स्वतःबद्दल बोलत होते. बाकीच्या चौदा हजार चिनी कैद्यांना जानेवारी १९५४ मध्ये तैवानला नेलं गेलं आणि तिथे त्यांचा जयजयकार झाला. त्या जयजयकारावर भरपूर लिहिलं गेलं आहे. ज्यांनी दोन्ही घरं नाकारली त्यांच्यावर फारच कमी. माझं शेवटचं प्रकरण त्यांचं झालं, आणि पुस्तकातलं तेवढं प्रकरण मी आजही कुणालाही बिनधास्त वाचायला देते.

परीक्षकांना उत्तर लिहिणं हीसुद्धा एक कला आहे. प्रत्येक आक्षेपापुढे आपण काय केलं ते लिहायचं. केलं नसेल तर का नाही, तेही लिहायचं, आणि आवाज कुठेही चढू द्यायचा नाही. करार झाला. मग नकाशे, छायाचित्रांच्या परवानग्या, मुद्रितं. सूची लेखकानेच करायची असते, किंवा पदरचे पैसे देऊन करून घ्यायची असते. मी स्वतः केली. थोरात कुठल्या पानांवर येतात हे मोजताना लक्षात आलं की ते नेहरूंपेक्षा जास्त पानांवर आहेत. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्या मनापासून हसल्या.

पुस्तक आलं. टणक बांधणी, ग्रंथालयांसाठी म्हणून ठेवलेली चार आकडी किंमत. मामांनी मागची बाजू उलटून किंमत बघितली आणि पुस्तक टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलं. एकदोन नियतकालिकांत परीक्षणं आली, एका परिषदेत चर्चासत्र झालं. पुढे दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात कायम नोकरी मिळाली. त्यात पुस्तकाचा वाटा किती आणि जागा निघण्याच्या योगाचा किती, सांगता येत नाही.

मध्येच गलवान घडलं. जून २०२० मध्ये एका वृत्तवाहिनीवरून फोन आला, "मॅडम, तुम्ही चीनवर पुस्तक लिहिलंय ना? आज रात्री आठला. एकच विचारायचं आहे, चीन युद्ध करणार, हो की नाही?" मी सांगितलं की माझं पुस्तक १९५३ च्या कैद्यांबद्दल आहे. पलीकडे क्षणभर शांतता. "चालेल मॅडम, बॅकग्राउंड म्हणून बोला." मी गेले नाही. माझे काही सहकारी जातात आणि दोन मिनिटांत समंजसपणे बोलून येतात. मला त्यांचं कौतुक आहे. मला ते जमत नाही.

मराठीत लिहायचं मनात होतं, पण त्याला मुहूर्त दिला एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी. "थोरातांवर लिहा, १९६२ सोडून," ही त्यांची अट. प्रबंधात आक्रसलेला ग्रेवाल यांच्या सुटकेचा प्रसंग मी या लेखात पहिल्यांदा मोकळ्या हाताने लिहिला. इंग्रजी पुस्तकाला इतक्या दिवसांत वाचकांची जेवढी पत्रं आली नव्हती, तेवढी या लेखाला एका महिन्यात आली. निवृत्त शिक्षक, माजी सैनिक, आणि मुख्य म्हणजे नातवंडं. "आमचे आजोबा कोरियाला होते असं आजी सांगायची, आम्हाला वाटायचं ती काहीतरी चुकीचं ऐकून बोलते." एका कुटुंबाने बर्फात उभ्या असलेल्या जवानांचा फोटो पाठवला, मागे हिंदीत तारीख. दुसरीकडून एका सेवापुस्तिकेच्या पानांच्या झेरॉक्स आल्या. अधिकाऱ्यांनी आठवणी लिहिल्या, त्या छापल्या गेल्या. शिपायांचं जे उरलं ते अशा ट्रंकांमध्ये.

म्हणून आता दुसरं पुस्तक मराठीतूनच सुरू केलं आहे, आणि या वेळी वाचनकक्षाआधी घरांत जाते. जाण्यापूर्वी फोन करते आणि तीनच गोष्टी बघायला ठेवायला सांगते: पदकं, पत्रं, आणि पेन्शनचे कागद. लोक पदकं आधी काढतात. मी पेन्शनचे कागद आधी मागते, कारण पलटण, तारखा आणि कुठे कुठे नेमणूक झाली ते त्यांतच धड लिहिलेलं असतं. बहुतेक घरांत चहा होईपर्यंत कुणीतरी म्हणतं, "पण तुम्हाला हे कशाला पाहिजे?" त्याचं एका वाक्यात उत्तर मला अजून देता येत नाही, मग मी त्यांना २२,६०४ चा आकडा सांगते आणि ते खुर्ची पुढे ओढतात.

दरम्यान, गेल्या पावसाळ्यात सवयीने ऑनलाइन सूची चाळत होते. ज्या फाइलींच्या चिठ्ठ्या कधीकाळी एन.टी. होऊन परत आल्या होत्या, त्यांतल्या काही आता उपलब्ध दिसतात. त्यांत एक समजावणीच्या काळातल्या भारताच्या मतदानाबद्दलची आहे. म्हणजे माझं तिसरं प्रकरण ज्यावर उभं आहे, नेमकं तेच. मॅडमना कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: "मग दिल्लीला कधी येतेस?" सुट्टीचा अर्ज टाकला आहे. फाइल हातात आली की तिसरं प्रकरण टिकतं की नव्याने लिहावं लागतं, ते कळेल.